गेमिंग कन्सोलवरून इंटरनेट टीव्ही : वेगळी स्टिक घ्यावी की आहे त्यावरच भागवावे?

तारायंत्र

आमच्या टीव्हीचा पडदा अजून उत्तम आहे, परंतु त्यातील अ‍ॅप्सनी एकेक करून माना टाकायला सुरुवात केली आहे. काही उघडायला फार वेळ लावतात, तर काहींवर ही सेवा या उपकरणासाठी यापुढे उपलब्ध नसल्याची सूचना येते. त्याच टीव्हीला प्लेस्टेशन ५ जोडलेला आहे आणि त्यावर नेटफ्लिक्स, यूट्यूब, प्राइम व्हिडिओ हे सगळे विनातक्रार चालते. त्यामुळे माझे मत असे झाले आहे की ज्या घरात कन्सोल आहे, त्या घरात स्ट्रीमिंगसाठी वेगळी स्टिक किंवा डबा घेणे हा निव्वळ अनाठायी खर्च आहे. घरातील इतर मंडळींना हे मान्य नाही. खेळायचे यंत्र खेळण्यासाठी ठेवावे आणि पाहण्यासाठी साधा रिमोट असलेले काहीतरी आणावे, असा त्यांचा आग्रह आहे.

ज्यांनी बराच काळ कन्सोलवरूनच मालिका आणि चित्रपट पाहिले आहेत, त्यांनी चित्राचा दर्जा, वीज आणि रोजच्या वापरातील सोय यांविषयी अनुभव लिहावेत. टीव्ही बदलण्याचा सल्ला कृपया देऊ नये. तो घरातून आधीच मिळालेला आहे.

मध्यंतर

टीव्ही बदला. (क्षमस्व, राहवले नाही.)

शिळोप्या

धागाकर्त्याशी सहमत आहे, आणि या सहमतीला इतिहासाचाही आधार आहे. कन्सोलचा घरातील टीव्हीवर हक्क सांगण्याचा उद्योग नवा नाही. २००० साली आलेला प्लेस्टेशन २ कित्येक घरांत मुख्यतः डीव्हीडी प्लेअर म्हणूनच शिरला आणि खेळ त्यामागून आले. प्लेस्टेशन ३ ने तीच युक्ती ब्लू-रेसाठी वापरली. २००८ च्या फेब्रुवारीत तोशिबाने ब्लू-रेच्या प्रतिस्पर्धी एचडी डीव्हीडीतून अंग काढून घेतले, त्यामागील कारणांत घरोघरी पोहोचलेल्या प्लेस्टेशन ३ चा वाटा निश्चितच होता.

स्ट्रीमिंगच्या बाबतीतही कन्सोल पहिल्या फळीत होते. नेटफ्लिक्सने २००७ मध्ये इंटरनेटवरून चित्रपट दाखवायला सुरुवात केली तेव्हा ते संगणकापुरते होते. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये ते मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर आले आणि दिवाणखान्यातील मोठ्या पडद्यावर पोहोचले. बीबीसीची आयप्लेअर ही सेवा त्याच वर्षी निन्टेन्डोच्या वी या कन्सोलवर आणि प्लेस्टेशन ३ वर उपलब्ध झाली. प्लेस्टेशन ३ आणि वी यांवर नेटफ्लिक्स पाहण्यासाठी आधी टपालाने आलेली एक चकती यंत्रात घालावी लागत असे. चित्रपट इंटरनेटवरून यायचा, पण चकती आत असल्याशिवाय तो सुरू होत नसे. २०१० च्या ऑक्टोबरपर्यंत हा सोपस्कार चालला. आज स्टिकवाले ज्या सोयीची फुशारकी मारतात, तिचा पाया कन्सोलनी घातलेला आहे, हे विसरता कामा नये.

चिकित्सक

शिळोप्या, इतिहास बरोबर आहे, पण तो अर्धाच सांगितलात. एक्सबॉक्स ३६० वर नेटफ्लिक्सचे पैसे भरूनही ते पाहता येत नसे, कारण वर एक्सबॉक्स लाइव्ह गोल्डचे सभासदत्व घ्यावे लागे. ही अट २०१४ च्या जूनमध्ये सुटली. आणि वी हे यंत्र तर ४८०पीच्या, म्हणजे ४८० ओळींच्या, पुढे चित्रच देऊ शकत नव्हते. मोठ्या एचडी पडद्यावर ते कसे दिसत असे, याचे वर्णन न केलेलेच बरे.

शिवाय २०१३ चे उदाहरण ध्यानात घ्यावे. एक्सबॉक्स वनचे पहिले सादरीकरण मायक्रोसॉफ्टने इतके टीव्हीमय केले की खेळणारी मंडळी चिडली. सेट-टॉप बॉक्सची तार थेट कन्सोलमध्ये घालता यावी म्हणून त्यात एचडीएमआयची आत येणारी खाचही दिली होती. पुढच्या पिढीत, म्हणजे सिरीज एक्स आणि सिरीज एसमध्ये, ती खाच नाही. कंपनीलाच जो नाद सोडावा लागला, तो आपण का धरून बसावे?

शिळोप्या

खाच गेली कारण बाहेरचा टीव्हीच इंटरनेटवर आला. नाद सोडला नाही, फक्त तार सुटली.

कोपऱ्यातला

चित्र, आवाज, इतिहास हे सगळे राहू द्या. खरी अडचण पॅडची, म्हणजे कन्सोलच्या हातातल्या कंट्रोलरची आहे आणि ती कोणी लिहिलेली दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

चित्रपट सुरू केला की पॅड हातातून खाली जातो. सोफ्यावर पालथा ठेवावा, तर उशीचा दाब मागच्या ट्रिगरवर येतो आणि दृश्य एकदम पुढे उडी मारते. नेमका संवाद सुरू असताना हे होते. त्यामुळे पॅड मेजावर ठेवायची शिस्त घरात लावावी लागते. तेथे तो काही मिनिटे कोणी हात न लावल्यामुळे आपोआप बंद होतो. एक्सबॉक्सच्या पॅडची ही मुदत पंधरा मिनिटांची असते. आता दाराची घंटा वाजली आणि चित्रपट थांबवायचा आहे. मेजाशी जावे, मधले मोठे बटण दाबावे, पॅड पुन्हा जोडला जाण्याची वाट पाहावी. तेच बटण दोनदा दाबले गेले तर पडद्यावर कन्सोलचा मेन्यू उघडतो, तो बंद करावा, आणि मग थांबवण्याचे बटण दाबावे. तोपर्यंत घंटा वाजवणारा निघून गेलेला असतो आणि चित्रपटात खुनी कोण ते उघड झालेले असते.

ज्यांना खेळायची सवय आहे, त्यांची बोटे हे सगळे नकळत करतात. ज्येष्ठांच्या हातात मात्र दोन काठ्या आणि डझनभर बटणे असलेली वस्तू देऊन 'यातील फुलीवाले बटण दाबा' असे सांगणे मला तरी प्रशस्त वाटत नाही.

मध्यंतर

घंटेच्या प्रसंगाला शंभर टक्के अनुमोदन. आमच्याकडे याच कारणाने पाहुण्यांना आधी फोन करून यायला सांगितले आहे.

दीर्घदर्शी

कोपऱ्यातला यांची तक्रार रास्त असली तरी तिच्यावर उपाय आहे. प्लेस्टेशन ५ साठी मीडिया रिमोट वेगळा मिळतो. तो कन्सोलशी ब्लूटूथने जोडला जातो, त्यावरून टीव्हीचा आवाज कमी-जास्त करता येतो आणि काही सेवांची थेट बटणेही त्यावर आहेत. एक्सबॉक्समध्ये तर इन्फ्रारेड ग्रहण करण्याची सोय आहे, त्यामुळे कोणताही बहुउपयोगी रिमोट शिकवून चालवता येतो.

रिमोटवर खर्च करायचा नसेल, तर एचडीएमआय-सीईसी सुरू करून पाहावे. या व्यवस्थेत टीव्हीच्या रिमोटवरील बाणांचे आदेश एचडीएमआयच्या तारेतूनच कन्सोलपर्यंत जातात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक कंपनीने तिला निराळे नाव दिलेले असते, त्यामुळे ती असूनही अनेकांना सापडत नाही.

चिकित्सक

आता विजेकडे वळू. नॅचरल रिसोर्सेस डिफेन्स कौन्सिल या अमेरिकी संस्थेने २०१४ मध्ये त्या वेळच्या नव्या कन्सोलच्या वीजवापराचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्लेस्टेशन ४ किंवा एक्सबॉक्स वनवर चित्रपट स्ट्रीम करण्यासाठी अ‍ॅपल टीव्ही किंवा क्रोमकास्टसारख्या उपकरणांच्या ३० ते ४५ पट वीज लागते, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्याहून गंमत अशी की एक्सबॉक्स वनच्या वार्षिक वापरापैकी जवळपास निम्मी वीज, तो तथाकथित 'बंद' असताना, कोणीतरी 'एक्सबॉक्स ऑन' म्हणेल या आशेवर कान टवकारून बसण्यात जात होती. केवळ पाहण्यासाठी असे यंत्र वापरणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दीर्घदर्शी

'पट' हे मोजमाप भीतिदायक वाटते, पण त्याचा पाया लहान आहे, हे पाहिले पाहिजे. स्टिक दोन-तीन वॅटवर चालते, त्यामुळे तिच्याशी तुलना केल्यास घरातील जवळजवळ प्रत्येक वस्तू 'पट'धारी ठरेल. प्रत्यक्ष फरक ५० वॅटचा धरला आणि रोज तीन तास पाहिले, तर वर्षाला सुमारे ५५ युनिट होतात. मोठा टीव्ही स्वतः त्याच तीन तासांत याहून अधिक वीज खातो.

'बंद' असताना वीज पिण्याचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. कन्सोल विश्रांतीच्या स्थितीत न ठेवता पूर्ण बंद होईल अशी सेटिंग करावी. एक्सबॉक्समध्ये त्यासाठी वीजबचतीचा पर्याय स्पष्टपणे दिलेला आहे. सुरू व्हायला काही क्षण अधिक लागतात, एवढाच तोटा.

चिकित्सक

५५ युनिट म्हणजे काही नाही, असे म्हणणाऱ्यांनीच दिवसभर 'दिवा बंद करा' म्हणून मुलांच्या मागे लागू नये.

अर्धविराम

चित्राच्या दर्जाविषयी धाग्यात अजून कोणी लिहिले नाही, आणि माझ्या दृष्टीने निर्णय तेथेच व्हायला हवा.

चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम या वेगाने चित्रित झालेले असतात. कन्सोल मुळात खेळांसाठी बनलेला असल्याने तो सहसा सेकंदाला ६० वेळा चित्र पाठवतो. साठ भागिले चोवीस म्हणजे अडीच, आणि अडीच वेळा फ्रेम दाखवता येत नाही. म्हणून एक फ्रेम तीन वेळा आणि पुढची दोन वेळा, अशी आलटून पालटून दाखवली जाते. एक फ्रेम ५० मिलिसेकंद थांबते, तर तिच्या शेजारची ३३. मारामारीच्या दृश्यात हे कळत नाही. कॅमेरा डोंगररांगेवरून संथपणे सरकत असेल, किंवा शेवटची श्रेयनामावली वर जात असेल, तेव्हा मात्र चित्र बारीक हिसके देत चालल्याचे जाणवते. एकदा डोळ्यांना ते कळले की पुन्हा न कळणे अवघड.

एक्सबॉक्समध्ये व्हिडिओ मोडच्या यादीत २४ हर्ट्झला परवानगी देण्याचा पर्याय आहे; तो सुरू केल्यास तो पाळणारी अ‍ॅप्स टीव्हीला २४ फ्रेमच पाठवतात. काही १२० हर्ट्झचे टीव्ही ६० मधून मूळचे २४ शोधून काढतात, त्यांच्याबाबत हा प्रश्न सौम्य होतो. टीव्हीच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये किंवा चांगल्या स्ट्रीमिंग डब्यात हे काम बहुधा न सांगता होते.

दुसरे असे की प्लेस्टेशन ५ ला डॉल्बी व्हिजन, म्हणजे एचडीआरचा (उजेड-अंधाराचा अधिक पल्ला दाखवणाऱ्या चित्राचा) प्रगत प्रकार नाही, त्यावर साध्या एचडीआर१० वरच समाधान मानावे लागते. डॉल्बी अ‍ॅटमॉस ही भोवताली घुमणाऱ्या आवाजाची पद्धतही त्यावर २०२३ मध्ये आली. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि एस स्ट्रीमिंगमध्ये डॉल्बी व्हिजन देतात. तेव्हा 'कन्सोल चांगला की स्टिक' हा प्रश्न मला अपुरा वाटतो. कोणता कन्सोल आणि कोणता टीव्ही, हे आधी सांगावे लागेल.

तारायंत्र

अर्धविराम, आमच्या टीव्हीला डॉल्बी व्हिजन नाही, त्यामुळे तो तोटा आम्हाला लागू होत नाही. हिसक्यांविषयी वाचले नसते तर बरे झाले असते. आता डोंगर दिसला की मी तेच शोधत बसेन. एक शंका आहे: प्लेस्टेशनवर साधे, एचडीआर नसलेले कार्यक्रमही विचित्र फिकट दिसतात, ते कशामुळे होत असावे?

अर्धविराम

कन्सोलची एचडीआर सेटिंग 'नेहमी' अशी असेल तर तो साध्या चित्रालाही एचडीआरच्या साच्यात घालून पाठवतो, आणि सगळे टीव्ही ते नीट हाताळत नाहीत. ती सेटिंग 'मजकुराला गरज असेल तेव्हाच' अशा अर्थाच्या पर्यायावर ठेवावी.

निशाचर

चकतीचा मुद्दा वगळून ही तुलना पुरी होणार नाही. नेटफ्लिक्स ४के चित्रासाठी सेकंदाला १५ मेगाबिट वेगाची शिफारस करते. ४के ब्लू-रे चकतीवरील प्रवाह १२८ मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. अंधाऱ्या दृश्यांत, धुरात, पाण्यावरच्या चकाकीत हा फरक साध्या डोळ्यांना दिसतो. एक्सबॉक्स वन एसपासून पुढचे चकतीवाले एक्सबॉक्स आणि चकतीवाला प्लेस्टेशन ५ ही ४के ब्लू-रे वाचतात. प्लेस्टेशन ४ प्रो मात्र ४के खेळ आणि ४के स्ट्रीमिंग देऊनही ती चकती वाचत नाही, हे विकत घेतल्यावर कळलेले अनेक जण असतील. ज्यांच्याकडे चकतीचा संग्रह आहे, त्यांच्यासाठी कन्सोल ही स्टिकला न जमणारी गोष्ट करतो.

तोटा असा की रात्री सगळे निजलेले असताना चकती फिरण्याचा आणि पंख्याचा आवाज ऐकू येतो. स्टिकला पंखाच नाही.

गृहसर्व्हर

विषयाला थोडा फाटा फोडतो, पण तो मूळ विषयाचाच आहे. आज घरच्या सर्व्हरवरील चित्रपट पाहण्यासाठी जगभर वापरले जाणारे कोडी हे सॉफ्टवेअर मुळात एक्सबॉक्स मीडिया सेंटर या नावाने, २००१ च्या पहिल्या एक्सबॉक्ससाठी हौशी मंडळींनी लिहिले. त्या यंत्रात ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि केवळ ६४ मेगाबाइट स्मृती होती आणि हे सॉफ्टवेअर चालवण्यासाठी कुलूप फोडलेला एक्सबॉक्स लागत असे. त्याच्याच एका फांदीतून पुढे प्लेक्स हे तशाच कामाचे सॉफ्टवेअर निघाले. २०१४ मध्ये मूळ प्रकल्पाने कोडी हे नाव घेतले आणि २०१७ च्या अखेरीस ते एक्सबॉक्स वनवर राजरोस, दुकानातून उतरवता येणारे अ‍ॅप म्हणून परतले. मायक्रोसॉफ्टच्या यंत्रात चोरवाटेने जन्मलेल्या पोराला त्याच घराचे दार पंधरा वर्षांनी उघडले गेले.

व्यवहाराची बाब अशी की कन्सोलला गिगाबिट इथरनेटची खाच असते, तर अनेक टीव्हींना अजूनही १०० मेगाबिटचीच असते. स्ट्रीमिंग सेवांना ती पुरते. निशाचर यांनी सांगितलेल्या १२८ मेगाबिटच्या फाइली घरच्या सर्व्हरवरून पाहायच्या असतील, तर टीव्हीची खाच अपुरी पडते आणि कन्सोल सुखाने चालतो.

वाचनमात्र

आमच्याकडे निन्टेन्डो स्विच आहे. त्यावर हे सारे होईल का?

दीर्घदर्शी

नाही. स्विचवर यूट्यूब २०१८ मध्ये आले, पण नेटफ्लिक्स आलेच नाही, आणि चित्रही १०८०पीच्या पुढे जात नाही. ते यंत्र खेळासाठीच ठेवावे.

चिकित्सक

धागाकर्त्याच्या मूळ युक्तिवादातील कळीचा दुवा असा की टीव्हीची अ‍ॅप्स मरतात आणि कन्सोलची जगतात. तो तपासून पाहू. टीव्हीच्या बाबतीत तुमचे म्हणणे खरे आहे. २०१९ च्या डिसेंबरपासून काही जुन्या सॅमसंग टीव्हींवर आणि रोकू उपकरणांवर नेटफ्लिक्स बंद झाले होते. परंतु वीवरील नेटफ्लिक्सही २०१९ च्या जानेवारीअखेर बंद झाले आणि वी यूवरील २०२१ च्या जूनअखेर. सोनीची प्लेस्टेशन व्ह्यू ही थेट वाहिन्या दाखवणारी सेवा २०१५ मध्ये सुरू होऊन २०२० च्या जानेवारीत गुंडाळली गेली. कन्सोलच्या दुकानातून चित्रपट विकत घेणाऱ्यांचे तर आणखी वाईट झाले. सोनीने ती विक्री २०२१ मध्ये थांबवली, आणि २०२२ मध्ये जर्मनी व ऑस्ट्रियातील ग्राहकांनी पैसे मोजून घेतलेले स्टुडिओकॅनालचे चित्रपट त्यांच्या संग्रहातून काढून टाकले. मायक्रोसॉफ्टनेही २०२५ च्या जुलैत चित्रपटविक्री बंद केली.

शिळोप्या

ही सारी उदाहरणे माझ्याच बाजूची आहेत. वी २००६ चे यंत्र होते; त्यावर २०१९ पर्यंत नेटफ्लिक्स चालले. तेरा वर्षांच्या वयातही अ‍ॅप्स जिवंत राहिलेला टीव्ही कोणाकडे असेल तर त्याने येथे छायाचित्र टाकावे. याचे कारण सरळ आहे. टीव्ही कंपन्या दरवर्षी नवनवी मॉडेले काढतात आणि त्यांतील प्रोसेसर जेमतेम कामापुरता असतो. कन्सोलचे एकच रूप कोट्यवधी घरांत वर्षानुवर्षे तसेच राहते, म्हणून सेवा देणाऱ्यांना त्यासाठी कष्ट घेणे परवडते. २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने एव्ही१ ही नवी संकोचनपद्धत टीव्हीवर आणली, तेव्हा २०१६ च्या प्लेस्टेशन ४ प्रोलाही ती ग्राफिक्स चिपच्या जोरावर शिकवली. पाच वर्षांच्या टीव्हीला असे काही शिकवायला कोणी येत नाही.

विकत घेतलेल्या चित्रपटांबाबत मात्र चिकित्सक यांच्याशी वाद नाही. तो प्रश्न उपकरणाचा नाही, परवान्याचा आहे, आणि स्टिकवर घेतलेला चित्रपटही त्याच परवान्यावर लटकलेला असतो.

कोपऱ्यातला

एक राहिले. घरात कन्सोल एक आणि माणसे अनेक असतील, तर एकाची लढाई ऐन रंगात असताना दुसऱ्याला मालिकेचा पुढचा भाग हवा असतो. खेळ बाजूला ठेवून अ‍ॅप उघडता येते, हे खरे. पण नेटवर सांघिक खेळ सुरू असेल तर तो थांबवता येत नाही. अर्थात टीव्ही एकच असेल तर हे भांडण स्टिक घेऊनही मिटणार नाही.

तारायंत्र

सर्वांचे प्रतिसाद वाचून माझे मत थोडे सुधारून मांडतो. कन्सोल आहे म्हणून स्टिक अनाठायी, हे विधान जो स्वतः खेळतो त्याच्यापुरते खरे आहे. न खेळणाऱ्यांसाठी पॅड ही अडचण आहे आणि ती सवयीने जाईल असे म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. म्हणून सध्या मीडिया रिमोट मागवला आहे. तो घरात रुळला तर स्टिकचा प्रश्न उरणार नाही, आणि न रुळल्यास आग्रह न धरता स्टिक आणली जाईल. पूर्ण बंद करण्याची सेटिंग कालच केली.

दीर्घदर्शी यांच्या सांगण्यावरून सीईसीही सुरू केले. आता टीव्ही बंद केला की कन्सोल आपोआप विश्रांतीत जातो, पण मुले टीव्हीवर दुसरे काही पाहत असताना कोणी पॅडला धक्का दिला तर टीव्ही तडक कन्सोलवर उडी मारतो. यावर काही तोड आहे का?

दीर्घदर्शी

सेटिंग्ज, सिस्टम, एचडीएमआय या क्रमाने जावे. तेथे एचडीएमआय डिव्हाइस लिंक सुरूच ठेवावे आणि त्याखालील वन-टच प्ले तेवढे बंद करावे. मग कन्सोल जागा झाला तरी टीव्हीला आपल्याकडे ओढणार नाही. टीव्हीबरोबर कन्सोल निजवणारी पॉवर ऑफ लिंक ही निराळी कळ आहे, तिला हात लावू नये. त्याच पानावर एचडीसीपीची, म्हणजे चित्राची नक्कल रोखणाऱ्या संरक्षणाची कळ दिसेल. खेळ ध्वनिचित्रमुद्रित करणारी मुले ती अनेकदा बंद करून ठेवतात, आणि ती बंद असताना एकही चित्रपटाचे अ‍ॅप उघडत नाही.

तारायंत्र

वन-टच प्ले बंद केले, उडी थांबली. एचडीसीपीची कळ चालूच होती, मुलांना विचारून खात्री केली.

मध्यंतर

आता मुलांना ती कळ कोठे आहे हे कळले.